उशिरा आलेला कित्ता

गोदावरी लिहायला शिकली ती भावाला होणाऱ्या शिक्षेपायी.

अमरावतीत अंबादेवीच्या देवळामागे त्यांचं घर होतं. वडील पौरोहित्य करीत. भाऊ नारायण तिच्याहून थोडा मोठा. तो ज्या पंतोजींकडे जाई त्यांची एक रीत होती. घरी दिलेला कित्ता सकाळी शाळा भरताना पुढ्यात पडला नाही, तर मुलानं अंगठे धरून अंगणात ओणवं राहायचं, ऊन डोक्यावर येईस्तोवर. नारायण स्वभावानं सुस्त, त्यात विहिरीत डुंबायचा नाद. आठवड्यातून दोनतीनदा तरी तो पाठ भाजून घरी यायचा. आई त्याच्या पाठीला लोणी लावायची आणि पंतोजीला शिव्या द्यायची. गोदावरी मात्र कागद जवळ ओढून बसायची. अक्षर म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. रांगोळीची वळणं काढावी तशी ती वळणं काढायची. कित्ता वेळेवर जाऊ लागला. पंतोजींनी नारायणाच्या अक्षराची तारीफ केली, आणि वर्षभरात गोदावरीला उमगलं, की आपण काढतो ती वळणं नाहीत, शब्द आहेत, आणि ते आपल्याला वाचता येतात.

तिचं लग्न झालं तसं ते मोडलंही. सासरी नांदायला जाण्याआधीच नवरा पटकीनं गेला. वयात आल्यावर रिवाजाप्रमाणे केस उतरले, अंगावर आलवण आलं, आणि ती माहेरच्या स्वयंपाकघरात राहिली. आईवडील गेल्यावर नारायणाला अकोल्याच्या कचेरीत कारकुनी मिळाली. तो बायकोला घेऊन गेला, बहिणीलाही घेऊन गेला. मोर्णा नदीच्या काठाला, जुन्या वस्तीत त्यांनी बिऱ्हाड केलं. तिथं गोदावरीचं आयुष्य पोथी, चूल आणि वहिनीची बाळंतपणं यांत सरायचं, आणि बहुधा तसंच सरून गेलं असतं. पण तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला.

त्या वर्षांत अकोल्याचं रूप पालटलं. कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरून जाई, इतका की नदीवर पाण्याला निघालेल्या बाया घागर डोक्यावर घेऊन गाड्या सरायची वाट बघत उभ्या राहत. कुणब्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. कधी कुणाच्या अंगणात पाऊल न टाकणारे मुंबईचे दलाल बांधाबांधावर दिसू लागले. सौदे वाढले तसे तंटे वाढले आणि तंटे वाढले तसे केशवराव नावाच्या वकिलाचे दिवस पालटले. केशवराव उमदा माणूस होता. हाती आलेलं सगळं घरातच मुरवावं असं त्याला वाटेना. मुंबईस जाऊन आल्यावर त्यानं जाहीर केलं, की आपल्या पुढच्या पडवीत आपण मुलींची शाळा काढणार. कागद, बोरू, शाई सगळं आपलं. पण पुरुष मास्तराकडे कोणी पोरी धाडीना. मग नारायणानं कचेरीत सहज बोलता बोलता सांगितलं, की आपल्या बहिणीला लिहितावाचता येतं.

नारायणाच्या बायकोनं नाकं मुरडली. शेजारपाजारचे म्हणाले, सकाळी सकाळी सोवळ्या बाईचं तोंड बघून पोरी शिकणार तरी काय! पण केशवराव स्वतः घरी येऊन बसला, आणि गोदावरीनं दाराआडून होकार दिला. तिला स्वतःलाच आपल्या आवाजाचं नवल वाटलं.

पहिल्या दिवशी केशवरावानं तिला शाळेचे नियम सांगितले. पाढे, वाचन आणि बालबोध अक्षर शिकवायचं. रोज घरी एक कित्ता द्यायचा. दुसऱ्या दिवशी शाळा भरताना जो आला नाही तो कित्ता तपासायचा नाही.

"आणि पुन्हा पुन्हा उशीर केला, तर नाव काढायचं," तो म्हणाला. "मुलींची शाळा म्हणजे पोरखेळ नव्हे, हे गावाला दिसलं पाहिजे. बाई, मारायचं मात्र नाही. ते मला पसंत नाही."

मारायचं नाही हे ऐकून गोदावरीला हायसं वाटलं. बाकीच्या नियमात तिला काही वावगं दिसलं नाही.

आल्या त्या पोरी तऱ्हेतऱ्हेच्या होत्या. केशवरावाची स्वतःची तारा होती, गोरीगोमटी, घरात कामाला हात न लावलेली. गंगूबाई म्हणून एक स्वयंपाकीण होती, चार घरी पोळ्या लाटायची, तिची सत्यभामा होती. वेशीबाहेर नत्थुजी नावाच्या कुणब्याची शेती होती. त्याची वच्छला सगळ्यांत धाडसी. शाळा म्हणजे काय ते बघायला म्हणून ती आपणहून आली आणि राहिली. इतरही होत्या, पण या तिघी गोदावरीच्या मनात जास्त राहिल्या.

दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली. बाया, पोरं, म्हातारी माणसं, ज्याला हात होता तो शेतात. वच्छलेचा कित्ता एक दिवस आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आणला तो चुरगळलेला, कोपऱ्यावर वाळक्या बोंडांच्या भुशाचे ठिपके.

"बाई, लिवलं हाये. पुरं लिवलं."

गोदावरीनं कागदाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात पुढे झाला असता, हे तिला माहीत होतं. "उशीर झाला वच्छले," ती म्हणाली आणि कागद बोटानं मागे सरकवला.

वच्छला रडली नाही. तिनं कागदाची गुंडाळी केली, ती परकराच्या ओच्यात खोवली, आणि पाढ्यांना सगळ्यांबरोबर आवाज लावून बसली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही नाही. मग तिच्या गल्लीतल्या आणखी दोघी यायच्या थांबल्या. पडवीतली रांग आखूड झाली.

गोदावरीला वाटलं होतं, वेचणी आहे, संपली की येतील. पण एका सकाळी नदीवर धुणं धुताना तिला वच्छलेची आई पार्वताबाई भेटली. पार्वताबाई अंतर राखून खालच्या अंगाला धुणं आपटत होती. गोदावरीनंच विचारलं, "वच्छला का येत नाही?"

पार्वताबाईनं पिळा तसाच हातात धरला. "तुमीच तं कागद परत देला बाई. आमी समजलो, पोरगी तुमाले नको. मंग कायले पाठवा?"

"नको कशी? उशिरा आणला म्हणून तपासला नाही, इतकंच."

"उशीर म्हंजे काय वो? दिवसभर वेचणी केली तिनं. बोंड फुटलं तं त्याले थांब म्हनता येते काय? घरी आली तं भाकरी थापल्या, लहान्याले खेळवलं. मंग बसली लिवाले. लिवलं तं खरं ना?"

"लिहिलं."

"मंग?" पार्वताबाईनं पिळा दगडावर आपटला. रागानं नव्हे. तिला खरंच उत्तर हवं होतं.

गोदावरी ओले कपडे खांद्यावर टाकून घरी आली. नियम तिनं शिक्षा म्हणून पाळला होता. नत्थुजीच्या घरी तो निरोप म्हणून पोचला होता. इथं तुझं काम नाही, असा निरोप. आणि तो निरोप मिळाल्यावर त्या घरानं खळखळ न करता तो मान्य केला होता, कारण शेतात हात हवाच होता.

त्या दुपारी तिनं वच्छलेकडे सांगावा धाडला, की कित्ता कधीही आण, मी बघेन. केशवरावाला मात्र तिनं काही सांगितलं नाही.

वच्छला आली, दोघी मैत्रिणींना घेऊन आली. गोदावरीनं तिचा तो जुना, चुरगळलेला कागद मागून घेतला. अक्षर बरं होतं. 'झ' उलटा होता. तो सुलटा कसा करायचा हे दाखवताना गोदावरीला फार बरं वाटलं, आणि हा प्रश्न आपण मिटवला असं तिला वाटलं.

तो मिटला नव्हता. संक्रांत आली तशी सगळ्याच शाळेची शिस्त सैल पडली. उशीर चालतो हे पोरींना लगेच कळतं. ज्यांना शेत नव्हतं, लहान भावंड नव्हतं, त्यांचेही कित्ते उद्यावर जाऊ लागले. ताराच्या घरात तर दोन मोलकरणी. तीही हसून म्हणायची, "बाई, उद्या." बघता बघता वेळेवर आणणारी एकटी सत्यभामा उरली.

एक दिवस शाळा सुटल्यावर सत्यभामा मागे राहिली. बारकी, काळीसावळी पोर, बोलायची फार कमी.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"मी पहाटे आईसोबत उठते. दळण होते, मग आईनं चूल पेटवली की तिच्या उजेडात लिहिते. आई म्हणते, काय करून राहिली, डोळे जातील. तरी लिहिते. ताराचा कित्ता चार दिवसांनी आला. तुम्ही तिलेबी 'छान' म्हणाल्या, मलेबी 'छान' म्हणाल्या." ती थांबली. "मग मी पहाटे काहून उठू?"

गोदावरीनं कित्त्यांची चळत बांधली. "उद्या सांगते," ती म्हणाली.

घरी नारायण जेवत होता. ताटात भाकरी वाढता वाढता तिनं सगळं त्याला सांगितलं. नारायण आता अंगानं भरला होता, कचेरीत मान मिळवून होता.

"त्यात विचार कसला करायचा?" तो म्हणाला. "धाक हवाच. आमच्या पंतोजींनी उन्हात उभं केलं नसतं, तर मी आज कारकून झालो नसतो."

"ऊन तुला लागलं दादा, कित्ता मी लिहिला."

वहिनी चुलीपाशी फसकन हसली. नारायणही हसला, मग थोडा ओशाळला, आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "तेही खरंच. पण मग त्या स्वयंपाकिणीच्या पोरीला तू काय सांगशील?"

तेच तर तिला कळत नव्हतं. उशिराला शिक्षा करावी, तर ज्या पोरीला वेळ मिळत नाही तिलाच ती बसते. शिक्षा न करावी, तर ज्या पोरीनं वेळ हिसकावून आणला तिची फसवणूक होते. दोघीही गरीब, दोघीही कष्टाळू. एकीला सांभाळायला जावं तर दुसरी दुखावते. हात धुताना, देवापुढे वाती वळताना, सगळं करताना तिच्या डोक्यात हेच चालू होतं. पोरींच्या अंगी काही कमी नव्हतं, कमी होता तो वेळ. आणि तो त्यांच्या हातचा नव्हता. तो घराच्या हातचा होता. तर मग दंड पोरीला कशासाठी? घरालाच का नको?

दुसऱ्या दिवशी तिनं पडवीत नवी रीत सांगितली. ज्यांचा कित्ता वेळेवर येईल त्यांचा सगळ्यांआधी तपासायचा आणि त्यांनी शाळा सुटली की घरी जायचं. ज्यांचा येणार नाही त्यांनी शाळा सुटल्यावर इथंच, तिच्यासमोर बसून तो पुरा करायचा. पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही. ना ओरडा, ना नाव काढणं.

ताराला हे मुळीच आवडलं नाही. सागरगोट्यांचा डाव चुकू लागला, तशी दोन दिवसांत तिचे कित्ते वेळेवर आले. शेतावरच्या पोरी मात्र बसू लागल्या. बाहेर गाड्यांची खडखड, आणि आत बोरूंची कुरकुर. वच्छला वाकून, जीभ दातांत धरून लिहायची. तिला लिहिताना कोणी उठवत नव्हतं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

आठवडाही गेला नसेल, तोच पार्वताबाई पडवीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. डोक्यावरचं टोपलं खाली ठेवून तिनं आवाज चढवला.

"बाई, माही पोरगी तुमी काहून बसवून ठेवता? घरी लहाना रडून राह्यला, सरकी काढाची पडली हाये. रोजच उशिरा सोडता!"

"कित्ता पुरा झाला की सोडते."

"मंग घरी करून आनंन ना थे."

"घरी तिला बसू देता का?"

पार्वताबाईनं पडवीत डोकावून पाहिलं. आत वच्छला मान खाली घालून लिहीत होती. वर बघायची तिची छाती झाली नाही.

"पोरीला घरी लिहायला थोडा वेळ द्या," गोदावरी म्हणाली, "मी तिला एक क्षण जास्त ठेवणार नाही. नाही दिलात, तर तेवढा वेळ मी इथं घेणार. वेळ तर जाणारच आहे पार्वताबाई. तुमच्या सोयीनं जाऊ द्या."

पार्वताबाईनं पदर खोचला. मग टोपलं उचलताना म्हणाली, "लय हुशार हाये तुमी." त्यात राग किती आणि तारीफ किती हे गोदावरीला सांगता आलं नसतं. पण वच्छलेचे कित्ते त्यानंतर बहुतेक वेळेवर येऊ लागले. नत्थुजी म्हणे स्वतः लहान्याला घेऊन ओसरीवर बसायचा आणि बायकोला म्हणायचा, लिवू दे तिले, नाई तं थे बाई सोडत नाई.

सत्यभामेला तिचं उत्तर मिळालं असावं. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण एका दिवशी तिचाच कित्ता आला नाही. गोदावरीला आश्चर्य वाटलं. शाळा सुटल्यावर ती बसली, कागद घेतला, आणि अगदी सावकाश, एकेक अक्षर दागिना घडवावा तसं लिहू लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिच्या बोटांना ताजी शाई होती, म्हणजे घरी तिनं लिहिलं होतं.

"लिहिलं होतंस ना?"

सत्यभामेनं मान हलवली. दप्तरातून तिनं पुरा केलेला कित्ता काढून पुढे ठेवला.

"मग दाखवला का नाहीस?"

"दाखवला असता तर घरी जावं लागलं असतं." मग हळूच, "इथं कोणी हाक मारत नाही, बाई."

गोदावरीनं कित्ता वाचला, त्यावर खूण केली आणि परत दिला. "वेळेवर आणत जा," ती म्हणाली, "आणि तरीही बसत जा. मी काही म्हणणार नाही." त्या दिवसापासून शाळा सुटल्यावरची पडवी शिक्षेची राहिली नाही. कोणी शिक्षा म्हणून बसे, कोणी हौस म्हणून, आणि बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नसे.

केशवरावाला हे कळायला वेळ लागला नाही. ताराच बोलली असणार. तो एका संध्याकाळी पडवीत आला. दमलेला दिसत होता, तरी बोलला शांतपणे.

"गोदावरीबाई, मी एक नियम सांगितला होता."

"होय. मी तो मोडला. तुम्हाला सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही, ही माझी चूक. पण मोडला त्याचं वाईट वाटत नाही."

"आमच्या कोर्टात मुदत टळली की दावा बुडतो. कितीही खरा असो. कठोर वाटतं, पण त्याशिवाय कोणी वेळेवर येणार नाही. पोरींनी हे लहानपणीच शिकलेलं बरं."

"तुमच्याकडे येणारा माणूस स्वतःच्या मुदतीचा धनी असतो वकीलसाहेब. या पोरींची मुदत दुसऱ्यांच्या हाती आहे. दावा बुडाला, तर तो ज्यानं बुडवला त्याला काहीच होत नाही."

"मला पटलं नाही," तो म्हणाला. मग पोरींकडे पाहून, "पण पडवी भरली आहे हे दिसतंय. चालू द्या."

चालू राहिली ती उन्हाळ्यापर्यंतच. मुंबईहून तारेनं बातम्या येऊ लागल्या: अमेरिकेतली लढाई संपली. भाव कोसळले. काल बांधावर दिसणारे दलाल आज दिसेनात. शिंगांच्या शेंब्या एकेक करून सोनाराकडे गेल्या. केशवरावाचे पक्षकार पांगले, त्याचे स्वतःचे दोन सौदे अंगाशी आले, आणि पडवीत न विकलेल्या कापसाचे गठ्ठे येऊन पडले. शाळा बंद झाल्याचं सांगायला तो स्वतः गोदावरीकडे आला, पण नियमाचा विषय दोघांनीही काढला नाही.

वच्छलेचं त्याच उन्हाळ्यात पातूरकडे लग्न झालं. पार्वताबाई नदीवर भेटली की सांगायची, पोरीचं पत्र येते, पण वाचून दाखवाले कोनी भेटत नाई. गोदावरी ओल्या हातानंच ते वाचून दाखवायची. 'झ' अजून कधी कधी उलटा पडायचा.

गोदावरी पुन्हा चुलीपाशी गेली, पण पूर्वीसारखी नाही. दुपारी वहिनी झोपली की चारदोन पोरी मागच्या दारी येऊन बसत. सत्यभामा सगळ्यांत शेवटपर्यंत आली. रेल्वे आली, कापसाच्या भावाचे चढउतार गावानं आणखी पाहिले, आणि काही वर्षांनी सरकारनं अकोल्यात मुलींसाठी वर्ग काढला. तेव्हा गंगूबाईची सत्यभामा परीक्षा देऊन तिथं शिकवायला लागली. गोदावरीला कोणी विचारलं नाही. वय झालं होतं, आणि हाती कसला दाखला नव्हता. तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. ती कधी कधी वर्गाच्या दाराशी जाऊन बसे.

सत्यभामा कडक निघाली. तिच्या वर्गात उशिरा आलेला कित्ता ती हातात घेत नसे, मग कारण कोणतंही असो. गोदावरीला ते बघवत नसे. एकदा दोघींचं यावरून चांगलंच वाजलं.

"अगं, तुला तरी समजायला हवं," गोदावरी म्हणाली. "चुलीच्या उजेडात लिहिणारी तू."

"म्हणूनच तर, बाई," सत्यभामा म्हणाली. "मला जमलं ना? यांनाही जमेल."

"सगळ्यांना जमत नाही."

"जमत नाही म्हटलं की कोणालाच जमत नाही. तुमच्याकडे तारानं काय केलं होतं?"

गोदावरीनं हे म्हणणं नाकारलं नाही. मान्यही केलं नाही. मग सत्यभामेनं उठून पाण्याचा तांब्या आणला, गोदावरीनं पाणी पिऊन तो उपडा ठेवला आणि म्हणाली, "त्या निळ्या परकराच्या पोरीच्या आईला एकदा भेटून ये. सारखी उशिरा आणते, घरात काहीतरी असेल."

"जाईन," सत्यभामा म्हणाली. आणि त्या आठवड्यात ती गेलीही, पण कित्ता मात्र तिनं घेतला नाही.